समोरच्या आजोबांची केटल

आमच्या भागात कचऱ्याची गाडी बुधवारी सकाळी येते, म्हणून लोक मंगळवारी संध्याकाळीच टाकायच्या वस्तू रस्त्याच्या कडेला आणून ठेवतात. मार्चमधल्या अशाच एका मंगळवारी मी ऑफिसातून येऊन गाडी लावत होतो, तर समोरच्या घरातले आजोबा काहीतरी काळपट, गोल, तीन पायांचं ओढत आणताना दिसले. एक चाक फिरत नव्हतं, त्यामुळे उरल्यासुरल्या बर्फाच्या चिखलात त्याची रेघ उमटत होती. मी धावत जाऊन दुसऱ्या बाजूने हात दिला. जवळून पाहिल्यावर ओळखलं, हे त्यांचं केटल ग्रिल, म्हणजे मांस-भाज्या भाजायची झाकणाची गोल कोळशाची शेगडी. आठ वर्षं मी ते त्यांच्या कुंपणापाशी ऊनपावसात उभं असलेलं पाहत आलो होतो, पण त्यावर काही शिजताना एकदाही पाहिलं नव्हतं.

आजोबा घर विकून कायमचे मुलीकडे ॲरिझोनाला निघाले होते. जूनपर्यंत घर रिकामं करायचं होतं. हे का टाकताय म्हणून विचारलं, तर म्हणाले, झाकणाचा आतला रंग निघतोय. पोपडे जेवणावर पडायला लागले तेव्हापासून वापरणं बंद केलं. नातवंडांच्या ताटात असलं कसं जाऊ द्यायचं?

मी म्हटलं, मला द्याल? ते म्हणाले, घेऊन जा, पण त्यात काही शिजवून पोरांना खायला घालू नकोस.

आमचे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. वस्तू टाकायची की ठेवायची, हे ती उघडून पाहिल्याशिवाय ठरवायचं नाही, हा त्यांचा नियम. सायकलचा पंप असो की शिलाई मशीन, आधी सगळं सुटं करायचं, वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचं आणि मग बोलायचं. मी आयटीत काम करतो. दिवसभरात हाताला काही लागत नाही. त्या संध्याकाळी ते ग्रिल गॅरेजमध्ये ढकलत आणलं तेव्हा मला वडिलांच्या त्या वर्तमानपत्राची फार आठवण झाली.

शिवाय ही वस्तू आमच्याच भागातली. मी शिकागोच्या वायव्येला, माउंट प्रॉस्पेक्टला लागून असलेल्या गावात राहतो. 1952 साली याच माउंट प्रॉस्पेक्टमध्ये राहणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पहिलं केटल ग्रिल बनवलं. ते शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करत. तिथे इतर पत्रेकामाबरोबर पाण्यावर तरंगणारे बोये तयार व्हायचे, म्हणजे धातूचे दोन अर्धगोल एकमेकांना वेल्ड करून केलेला पोकळ गोळा. स्टीफन यांना बारा मुलं. अंगणात मांस भाजायची आवड होती, पण त्या काळची उघडी, चपटी ग्रिलं वारा आला की राख उडवायची आणि पाऊस आला की विझायची. त्यांनी बोयाचा एक अर्धा भाग खाली ठेवला, त्याला तीन पाय लावले, आणि दुसरा अर्धा झाकण म्हणून वर ठेवला. झाकण घातलं की विस्तव गुदमरायचा, म्हणून त्याला भोकं पाडली. शेजारी पुढे त्याला ‘स्पुतनिक’ म्हणायला लागले. सोव्हिएत उपग्रह 1957 मध्ये वर गेला, तेव्हा हे नाव त्यानंतरचंच असणार. पण आकार पाहिला की पटतं. त्यातून पुढे आलेल्या वेबर कंपनीचं मुख्यालय आज पॅलाटाइनला आहे, आमच्या घरापासून पंधरावीस मिनिटांवर.

गॅरेजमध्ये पहिल्या रात्री मी फक्त ओल्या फडक्याने झाकणाची बाहेरची बाजू पुसली. फडकं तपकिरी झालं आणि खालून लाल रंग दिसायला लागला. गडद, जवळजवळ कुंकवासारखा लाल. आठ वर्षं मी ज्याला काळं समजत होतो ते लाल होतं! मुलीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, अजून पुसा. मग दोघांनी मिळून अर्धं झाकण पुसून काढलं आणि अर्धं तसंच ठेवलं, फोटो काढायला.

दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू झालं, आणि ते पायांपाशी अडलं. या जुन्या केटलचे पाय म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्या. खालच्या कढईला लोखंडी खोबण्या वेल्ड केलेल्या असतात, त्यात नळ्या नुसत्या ठोकून बसवलेल्या. स्क्रू नाही, पिन नाही. चाळीस वर्षांत तिथे गंज धरला होता. पिळायला जावं तर ॲल्युमिनियम मऊ, पक्कड लावली की नळी चेपणार. एक पाय मी थोडा चेपवलाही. मग थांबलो, नळीच्या आत बसेल असा लाकडी दांडा खालून सरकवला, आणि सांध्यात गंज सोडवायचं तेल सोडलं. तरी हलेना.

रात्री झोपताना एक गोष्ट डोक्यात आली. गरम केल्यावर सांधे सुटतात हे आपण नेहमी ऐकतो, पण इथे बाहेर लोखंड आणि आत ॲल्युमिनियम. तापमान बदललं की ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि दुप्पटच आकसतं. तापवलं असतं तर आतला पाय आणखी घट्ट बसला असता. इथे गरज थंडीची होती, आणि मार्चमध्ये आमच्याकडे थंडीला तोटा नसतो. कढई उपडी करून, सांध्यांवर तेल सोडून ती रात्रभर अंगणात ठेवली. त्या रात्री पारा उणे दहा सेल्सियसच्या आसपास होता. एक इंचाच्या नळीत एवढ्याने फरक पडतो तो केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाइतका. पण तेवढ्या फटीतून तेल आत शिरलं. सकाळी सहाला हातमोजे घालून पहिला पाय पिळला, तर करकरत फिरला. दुसराही फिरला. चेपलेल्या तिसऱ्यासाठी आणखी दोन रात्री लागल्या. वडील असते तर त्यांना फोन करून हे सांगितलं असतं. त्यांच्याऐवजी आईला सांगितलं, आणि ती म्हणाली, “ते म्हणालेच असते, आधी थांबायचं, मग हात लावायचा.”

पाय निघाल्यावर राखेची ताटली हातात आली. कढईच्या खाली पायांच्या मध्ये ॲल्युमिनियमची एक उथळ ताटली अडकवलेली असते, वरची राख तिच्यात पडते. ही ताटली उजेडासमोर धरली तर तारांगण दिसत होतं, इतकी बारीक भोकं. खरं नुकसान इथे होतं, आणि ते विस्तवाने केलेलं नव्हतं, राखेने केलेलं होतं. कोळशाची राख अल्कली असते. कोरडी असताना ती निरुपद्रवी, पण पावसाचं पाणी पडलं की तिचा झणझणीत खार होतो आणि तो ॲल्युमिनियम खात सुटतो. कढईतही, जिथे राख साचून राहिली होती तिथेच, खालच्या तिन्ही व्हेंटच्या, म्हणजे उघडझाप करता येणाऱ्या हवेच्या भोकांच्या, कडेला गंज होता. कुणाकडे असं ग्रिल असेल तर माझी एवढीच विनंती आहे: जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी राख काढा. बाकी काही नाही केलं तरी चालेल, राख काढा.

ताटली वाचवण्यासारखी नव्हती, नवी मागवली. एक गोष्ट मला फार भावली. साडेबावीस इंचाच्या या केटलच्या जाळ्या आजही त्याच मापाच्या मिळतात. काल कारखान्यातून निघालेली जाळी चाळीस वर्षांपूर्वीच्या कढईत अलगद बसते. ज्यांनी हे माप इतकी वर्षं धरून ठेवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आमच्या घरातल्या सात वर्षांच्या डिशवॉशरचा एक भाग हवा होता, तर तो बंद झालाय असं उत्तर मिळालं होतं.

आता झाकण. आजोबांनी ज्याच्यामुळे ग्रिल बंद केलं ते पोपडे. झाकण उलटं करून प्रकाशात धरलं तर त्यांचं म्हणणं सहज पटावं असंच दृश्य होतं. काळ्या चकचकीत खपल्या, कडा वर वळलेल्या, नखाने ओढलं की निघतात. अगदी जुन्या गेटचा ऑइल पेंट सुटावा तसं.

पण केटलच्या झाकणाला आतून रंग नसतोच. बाहेरूनही नसतो. ते इनॅमल आहे. आपल्याकडे पूर्वी निळ्या काठाच्या पांढऱ्या थाळ्या आणि पेले असायचे ना, दवाखान्यातल्या त्या ट्रे असायच्या, तेच. काचेची पूड पत्र्यावर देऊन 800 अंश सेल्सियसच्या वर भट्टीत भाजतात, ती वितळते आणि पत्र्याला कायमची धरते. म्हणजे हे झाकण म्हणजे लोखंडावर चढवलेली काच. काच पोपडे धरून सुटत नाही. तिला धक्का बसला तर टवका उडतो, आणि टवका उडालेल्या जागी गंज येतो, एवढंच.

मग पोपडे कशाचे? धुराचे आणि चरबीचे. प्रत्येक वेळी वर गेलेली वाफ, चरबीचे कण आणि धूर झाकणाला चिकटतात, तापून कोळसा होतात, पुन्हा थर बसतो. थर पुरेसा जाड झाला की वजनाने आणि गार-गरम होण्याने सुटायला लागतो. आजोबा ज्याला रंग समजले ती त्यांनी स्वतः शिजवलेल्या जेवणांची पुटं होती. मी तिथे स्टुलावर झाकण मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला खरंच वाईट वाटलं. एका गैरसमजापायी एवढी चांगली वस्तू आठ उन्हाळे, कदाचित जास्तही, भिंतीशी उभी राहिली होती. कुणी त्यांना सांगितलंच नाही.

खरवडायला मी प्लॅस्टिकचा पट्टा घेतला, हट्टी जागी दाढीचं पातं. पातं इनॅमलवर तिरपं धरलं तर ओरखडा येत नाही. एका शनिवारी सकाळी वर्तमानपत्रावर पडलेल्या खपल्या गोळा केल्या तर वाटीभर झाल्या.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती सविस्तर सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून होणार नाही. कडेचा चिकट थर निघेना म्हणून मी ओव्हन साफ करायचा फवारा आणला. त्याच्यात कॉस्टिक सोडा असतो, चरबीचा तो साबण करून टाकतो, आणि इनॅमलला काही करत नाही. म्हणून बिनधास्त मारला. पण झाकणावरचं व्हेंट, ती फिरणारी चकती, ॲल्युमिनियमची आहे हे लक्षातच आलं नाही. फवारा तिच्यावर पडताच फसफस सुरू झाली. पाणी ओतेपर्यंत अर्ध्या चकतीवर काळे डाग आणि बारीक खड्डे पडले होते. दोन आठवडे ज्या राखेला मी बोल लावत होतो, तिचंच काम मी एका मिनिटात केलं होतं.

भरपूर पाण्याने धुऊन, पातळ व्हिनेगर लावून, मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून चकती घासायला बसलो. रिव्हेट कापून नवी चकती लावता आली असती, पण ती चकती मला सोडायची नव्हती. वेबरने 1979 पासून या व्हेंटवर एक अक्षर छापायला सुरुवात केली, ए म्हणजे 79, बी म्हणजे 80. माझ्या चकतीवर सी होतं. 1981. त्याच वर्षी इथे शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं होतं. तेव्हा इथे असलेल्या मराठी माणसांच्या अंगणातही ही लाल केटल असेल का, त्यांनी तिच्यावर काय भाजलं असेल, हा विचार घासता घासता मनात येत राहिला.

आणि तेव्हाच ती खूण दिसली. चकती फिरते त्या जागी झाकणाच्या घुमटावर दर वापरामुळे झिजलेली एक कमान होती, आणि त्या कमानीत एका ठिकाणी झीज जास्त, जवळजवळ खाच म्हणावी इतकी. पूर्ण उघडं नाही, पूर्ण बंद नाही; साधारण एक तृतीयांश उघडं राहील अशी जागा. चकतीचा कान वर्षानुवर्षं तिथेच येऊन थांबला असणार. मी घासणं तिथे थांबवलं आणि ती खाच तशीच राहू दिली.

एप्रिलच्या शेवटी आई भुसावळहून आली, सहा महिन्यांसाठी. जेट लॅगमुळे पहाटे चारला उठायची आणि माझ्याआधी गॅरेजमध्ये जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी मी खाली गेलो तर तिने कढई पालथी घेतली होती आणि देवापुढच्या नारळाच्या शेंडीचा चोथा करून राखेने घासत होती. राख कुठून आणली विचारलं तर मी शेकोटीत जाळलेल्या लाकडांची, चाळून घेतलेली. “एवढे डबे कशाला आणलेस विकतचे? आपण भांडी कशाने घासायचो?”

तिचं बरोबर होतं. ओली राख चरबीला धरते आणि तिचा साबण होतो, ओव्हनच्या फवाऱ्यात जे घडतं तेच, फक्त दमाने. आणि चाळलेली राख इतकी मऊ की काचेवर ओरखडाही उमटला नाही. ॲल्युमिनियम सोडून सगळं आम्ही मग राखेनेच घासलं. पाय मात्र ऑक्झॅलिक ॲसिडच्या पावडरीने. ती भांड्यांच्या दुकानात सहज मिळते, हातमोजे घालून वापरायची. कढईच्या आतला काळेपणा थोडा राहिला तो मुद्दाम राहू दिला. तो घट्ट बसलेला आहे, सुटत नाही, आणि त्याचं काही वाईटही होत नाही.

खालची तीन व्हेंटं हे शेवटचं मोठं काम. नंतरच्या केटलमध्ये एका दांड्याने तिन्ही पाती फिरतात; माझ्या या जुन्या केटलमध्ये प्रत्येक वेगळं. तिन्ही गंजून बसलेली, दोन बंद अवस्थेत. आईने त्यांच्याकडे बोट दाखवलं. “शेगडीची खालची खिडकी लिंपून टाकली तर कोळसा फुलेल का? याच्या तर दोन खिडक्या मिटलेल्याच आहेत.” मला वाटतं, या अख्ख्या उद्योगाचा गाभा तिने त्या एका वाक्यात सांगितला. वरचा लाल रंग, चकचकीत पाय हे डोळ्यांना बरं, पण केटल चालते ती हवेवर. खालून किती हवा आत जाते आणि वरून किती बाहेर पडते, यावर आच ठरते. कोळसा तेवढाच ठेवून निव्वळ व्हेंटं कमीजास्त करून मंद आणि कडक करता येतं, गॅसचं बटण फिरवावं तसं. ती हलत नसतील तर उरते ती नुसती लाल बादली.

तेल, लाकडी हातोड्याचे हलके ठोके, मग थोडं हलवायचं, पुन्हा तेल. दोन सुटली. तिसऱ्याचं रिव्हेट गंजून पार संपलं होतं, ते ड्रिलने काढून तिथे स्टेनलेसचा छोटा बोल्ट आणि नट घातलं. पात्यांच्या कडेचा गंज घासून तिथे बाहेरून उच्च तापमानाला टिकणारा काळा रंग दिला. आतून रंग अजिबात नाही, फक्त तेलाचा हात.

मुठी लाकडी होत्या, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. घासून, दोन दिवस जवसाच्या तेलाचे हात दिले, आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. इथे एक सांगायलाच हवं: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. मी ती पसरून बाहेर कुंपणावर वाळवली. चाकं नवी घातली. एकूण खर्च ऐंशी डॉलरच्या आत.

पहिला विस्तव पेटवायचा ठरला त्या दिवशी नेमका पाऊस. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत पेटवू या का, असं मुलगी म्हणाली. नाही म्हटलं. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दार उघडं असलं तरी तो आत साचतो. एक आठवडा थांबलो. मग मे महिन्यातल्या शनिवारी अंगणात, पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात खाली कागद आणि वर लाकडी कोळसा भरून पेटवला. आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती. वरचे कोळसे राखाडी झाले तसं म्हणाली, “आता ओत.” पहिला तासभर काही न ठेवता नुसतंच तापू दिलं, तेल आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत. झाकण घातल्यावर वरच्या भोकांतून आधी पांढरा, दाट धूर आला, मग निळसर, मग जवळजवळ दिसेनासा. मी वरची चकती पूर्ण उघडली, खालचं एक व्हेंट मिटलं, दुसरं अर्धं केलं. थर्मामीटरचा काटा साडेचारशे फॅरनहाइटवरून हळूहळू साडेतीनशेवर येऊन थांबला. हाताखाली आग ऐकते आहे, हे पाहण्यात जे सुख आहे ते मला नीट सांगता येणार नाही.

त्यावर पहिलं काय भाजायचं याची चर्चा झालीच नाही. खानदेशी माणसाच्या हातात विस्तव आला की वांगीच.

आमच्याकडे भरिताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजतात. शेतात जाळ करायचा, त्यात हिरवट-पांढरी, हातभर वांगी टाकायची. बामणोदकडची वांगी तर नुसती भरितासाठीच, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्यांना आता भौगोलिक मानांकनही आहे. इलिनॉयमध्ये ना ती वांगी, ना पऱ्हाट्या. इथली मोठी जांभळी, जाड सालीची वांगी आणली. आईने त्यांना तेल चोळलं, सुरीने चार चिरा दिल्या, म्हणजे फुटत नाहीत. मी कोळसा एका बाजूला ओढला आणि झाकण असं ठेवलं की वरचं व्हेंट त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येईल. हवा खालून कोळशात शिरते, वांग्यांवरून वाहत जाते आणि दुसरीकडून बाहेर पडते. धूर वाटेत वांग्यांना लागतो. उघड्या जाळावर साल करपते आणि आतला गर कधी कधी कच्चा राहतो. झाकणाखाली पंचवीस मिनिटांत सगळीकडून सारखी भाजली, साल हात लावताच सुटली. सोबत हिरव्या मिरच्याही जाळीवर टाकल्या. भरीत ठेचायची आमची लाकडी बडगी इथे नाही, म्हणून दुसऱ्याच एका जाड लाकडी भांड्यात ठेचलं. लसूण, पातीचा कांदा, शेंगदाणे, कोथिंबीर. पुऱ्या बायकोने केल्या.

आई पहिला घास घेऊन थोडा वेळ गप्प होती. “वांग्याला पाणी फार आहे,” म्हणाली. मग, “पण धूर बरोबर लागलाय.”

जेवण झाल्यावर मी सगळी व्हेंटं मिटली. हवा तुटली की कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो. आईला हे फार आवडलं. आमच्याकडे रात्री शेगडीतले कोळसे पाणी शिंपडून विझवायचे आणि सकाळी उन्हात वाळत टाकायचे. “पाणी नको, काही नको,” ती दोनदा म्हणाली.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी, जायच्या तीन दिवस आधी, समोरच्या आजोबांना बोलावलं. ते स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं, इनॅमल म्हणजे काय, पोपडे कशाचे होते. ते ऐकत होते, पण नजर झाकणावर. त्यांनी ते काढून उलटं धरलं, बोटाने आतून गोल फिरवलं, कुठे रंग गेलेला दिसतोय का ते शोधल्यासारखं. मग आईकडे पाहून म्हणाले, मी याला उगाच शिक्षा केली. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, मी सांगितल्यावर तिने मान हलवली आणि त्यांच्या हातात ताकाचा पेला दिला.

मी वांगी जाळीवर ठेवली, झाकण घातलं आणि वरचं व्हेंट पूर्ण उघडं ठेवून मिरच्या आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा आजोबा उठून केटलपाशी उभे होते. डाव्या हातात ताक, उजव्या हातात माझा चिमटा. माझ्या मुलीशी ॲरिझोनातल्या उन्हाबद्दल काहीतरी बोलत होते, केटलकडे त्यांचं लक्षही नव्हतं. बोलता बोलता त्यांनी चिमट्याच्या टोकाने चकतीचा कान ढकलला. तो सरकत गेला आणि त्या खाचेपाशी येऊन थांबला.

वांग्यांना अजून वीस मिनिटं होती. मी त्यांची खुर्ची केटलजवळ आणून ठेवली.